वरचा पदर खाली

१९ नोव्हेंबर १९८६

प्रिय मिनोरी,

तुझं पत्र सोमवारी आलं. अक्षर लांबूनच ओळखलं. तरी आधी जेवायला बसले, भांडी घासली, मग पाकीट फोडलं. साडेतीन वर्षं मी थांबले, पत्र तासभर थांबलं तर काय बिघडलं, असं मनात म्हटलं. जेवण काही गेलं नाही, हे मात्र खरं.

पाचवा महिना सरत आला म्हणतेस. बाळ सुखरूप यावं म्हणून पोटाला पट्टा बांधायचा दिवस ठरला असेल. या वेळी जिने चढू नकोस आणि गार फरशीवर अनवाणी फिरू नकोस. एवढं सांगायचा हक्क मला आहे की नाही ते माहीत नाही, पण सांगून टाकलं.

फोन करू नकोस, पत्रच लिही, असं तू बजावलं आहेस. बरंच केलंस. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग मी काय बोलते ते माझं मलाही आवडत नाही.

इथलं सगळं तसंच आहे. झाडांच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून परसात दोऱ्या बांधून झाल्या. यंदा शिडीवर मी चढले नाही, माणूस लावला. मिठाईच्या दुकानाचं कागदी डब्या घडवायचं काम येतं, देवळाचंही येतं. शेजारची हात्सुए ब्याऐंशीची झाली. डोळ्यांत मोतीबिंदू आहेत, जीभ शाबूत आहे. परवा मला म्हणाली, "फुसाए, तू मेलीस की तुला पेटीत झोपवायला नको. घडी घालून ठेवू."

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. इतकं इकडचं तिकडचं लिहिलं ते तो टाळण्यासाठीच, हे तू ओळखलंच असशील.

लग्नातल्या त्या डब्या चुकून तशा झाल्या की मी मुद्दाम केल्या, असं तू विचारलं आहेस. चूक असेल तर बाळाला महिना झाला की देवळातून थेट माझ्याकडे घेऊन येशील, मुद्दाम केलं असेल तर हे आपलं शेवटचं पत्र, असंही लिहिलं आहेस. तुझा स्वभाव तुझ्या बाबांवर गेला नाही, माझ्यावर गेला.

मंगल कार्याच्या डबीत कागदाचा खालचा पदर वर येतो, सुतकाच्या डबीत वरचा पदर खाली येतो. हे तू चार वर्षांची असताना मांडीवर बसून शिकलीस. तेव्हा मी ते विसरले असं म्हणणार नाही. पण बाबा तुझ्या लग्नाच्या आदल्या डिसेंबरात गेले आणि त्यानंतर अकरा महिने मी काय केलं ते आठव. त्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला वाटायच्या डब्या, मग गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या, मग देवळाच्या. सगळ्या सुतकाच्या. हाताला सवय लागली होती. तुझ्या लग्नाच्या शहाऐंशी डब्या त्या हातांनी केल्या.

होय, चूक होती.

आई

—

१० डिसेंबर १९८६

प्रिय मिनोरी,

तुझं चार पानांचं पत्र आलं. इतकं तू मला कधी लिहिलं नव्हतंस, शाळेच्या सहलीहूनही नाही. तू रडलीस हे वाचून मला काय वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

विहीणबाईंना तू जेवणाच्या पानावरच सांगितलंस, "माझ्या आईच्या हाताची ती चूक होती, आणि तुम्ही तिला वाईट ठरवलंत." तुझा नाओया जेवत राहिला आणि विहीणबाईंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या, असंही लिहिलं आहेस. इतकं तोडून बोलायला नको होतं. तुझं पहिलं बाळ जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा इस्पितळाच्या पडवीत त्यांच्या तोंडून ते निघालं. "त्या डब्यांनीच घात केला," हे त्या म्हणाल्या तेव्हा मी तिथेच होते. नातू गेला होता त्यांचाही. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. तुला वाटलं मला राग आला. मला राग आला नव्हता.

हे का लिहिलं ते कळत नाही. राहू दे.

खरं तर लग्नाच्या दिवशी त्यांनी जे केलं ते मी विसरलेले नाही. नाओयाच्या थोरल्या आत्याने डबी उलटून पाहिली, पालथी ठेवली, आणि टेबलाटेबलावर सगळे गप्प होत गेले. तेव्हा विहीणबाई हसतमुखाने उठल्या, "दुकानाने चुकीचा माल पाठवला वाटतं," म्हणाल्या, शहाऐंशी डब्या परातीत गोळा केल्या आणि आतले साखरेचे दाणे बशांमधून वाटले. मी माझ्या जागेवरून हललेसुद्धा नाही. दुकान कसलं, डब्या करणारी मी तिथेच बसले होते आणि त्यांना ते ठाऊक होतं.

तुला पटावं म्हणून आणखी सांगते. त्या दिवसांत माझ्या चष्म्याचा नंबर बदलला होता. कागदही बाबांनी कापलेला उरलेला वापरला, त्याची उलटी-सुलटी बाजू चटकन कळत नाही. शिवाय पाऊस होता, उजेड कमी. वाचून पाहिलं तर मी फारच कारणं दिली आहेत. एक पुरे होतं.

बाळाच्या जन्माबद्दल लोकांचे आहेर येतील, त्यांच्या परतभेटीच्या डब्या मी कराव्यात असं तू म्हणतेस. बेचाळीस. कागद पाठवू का, असंही विचारलंस. कागद पाठवायला मी काय मेले आहे का? खोऱ्यातला चांगला हातकागद आणते, लाल आणि पांढरा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्याच्या नावाचं पार्सल आपल्या दारात यावं आणि आपण सही करून ठेवून घ्यावं, तसं झालं आहे. तरीही ठेवून घेते.

आई

—

२८ जानेवारी १९८७

प्रिय मिनोरी,

विहीणबाई इथे येऊन गेल्या हे तुला त्यांनी सांगितलं आहे का? नसेल सांगितलं. त्या सांगायच्या नाहीत.

रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि या बाई रेशमी किमोनोवर रबरी बूट घालून उभ्या. नागोयाहून पहिली गाडी पकडली होती. मी म्हटलं, "आत या, आत या." त्या चौथऱ्याशीच बूट काढून खोलीत आल्या, उशी दिली ती बाजूला सारली, आणि तातामीच्या चटईवर दोन्ही हात टेकून कपाळ खाली नेलं.

"विहीणबाई, मी तुमच्याबद्दल जे बोलले ते माझ्या तोंडून जायला नको होतं," त्या म्हणाल्या. "नवरा गेलेली बाई, तिचा हात चुकला, आणि मी त्यावर एवढं मोठं पाप लादलं. सुनेने मला आरसा दाखवला."

"असू द्या, असू द्या," मी म्हटलं.

पण मान वर करा असं लगेच नाही म्हटलं. चहा ओतला, तो त्यांच्यापुढे ठेवला, त्याची वाफ जाईपर्यंत त्या तशाच होत्या. पंचाहत्तरीच्या बाईचा अंबाडा मी वरून बघत बसले. त्यात एक काळी पिन होती, साधी, दुकानात डझनाने मिळते तसली. मग म्हटलं, "उठा, चहा गार होतो."

त्यांनी मुळ्याच्या किसातल्या सोबा शेवया खाल्ल्या, तिखट लागतात म्हणून डोळे पुसले, आणि दुपारच्या गाडीने गेल्या. जाताना मला म्हणाल्या की मिनोरीला रात्री पाय दुखतात, त्या चोळून देतात. हे तू मला लिहिलं नाहीस.

मी त्यांना माफ केलं, मिनोरी. मी. हात्सुएला सांगितलं तर ती म्हणाली, "वा. आणि त्या गाडीत परत गेल्या? तू तिकीट तरी काढून द्यायचंस." निघताना काठी शोधत शोधत म्हणाली की तिला आता दिसत नाही हे बरंच आहे.

तुझे पाय सुजत असतील तर मीठ कमी कर.

आई

—

२२ फेब्रुवारी १९८७

प्रिय मिनोरी,

हात्सुए गुरुवारी गेली. सकाळी भाताची पेज प्यायली, "मीठ विसरलीस," असं मला म्हणाली आणि भिंतीला टेकली. तुला लहानपणी तिने कागदाचा लगदा ढवळायला दिला होता, तू त्यात पडलीस, आठवतं का? तिला मूलबाळ नाही, म्हणून एकोणपन्नासाव्या दिवसाच्या डब्या मीच करणार आहे.

तू येऊ नकोस. दिवस भरत आलेत. ज्या घरात बाळ यायचं आहे तिथे सुतकाचं पत्रही नको यायला, म्हणून हे पाठवावं की नाही असा विचार करते आहे. पण तू रागावशील.

आता त्या दिवशीचं ठाऊक असलेलं दुसरं कोणी उरलं नाही.

आई

—

१२ एप्रिल १९८७

मिनोरी,

मुलगी झाली, दोघी सुखरूप, ही तार मिळाली तेव्हा मी अंगणात उभी होते आणि तशीच खाली बसले. तांबडा भात शिजवला. शेजारी देण्यासारखं कोणी राहिलं नव्हतं, म्हणून देवळात नेऊन दिला. सव्वीस तारखेला तू तिला घेऊन येणार आहेस. "बाळाचं नाव तेव्हाच सांगीन, आधी नाही, तोपर्यंत ताटकळत बस," असं तू चिडवून लिहिलं आहेस. खूप दिवसांनी तू मला चिडवलंस.

हे पत्र तू एकटीने वाच. नाओयासमोर नको.

माझा एक नियम होता, तुला ठाऊक आहे. सुतकाच्या आणि मंगल डब्या एकाच दिवशी करायच्या नाहीत. बाबांनी तो कधी मोडू दिला नाही. सोमवारी मी तो मोडला. वेळ नव्हता. सकाळी बसून हात्सुएच्या तीस डब्या केल्या. वरचा पदर खाली, वरचा पदर खाली. दुपारी त्याच जागेवर, हात न धुता, तुझ्या मुलीच्या डब्या घेतल्या.

मी घाबरले होते. पाच महिने मी तुम्हा सगळ्यांना सांगत आले आहे की माझे हात सवयीने चुकले. आता सवय हातात ताजी होती. म्हटलं, एखादी तरी चुकेल. चुकली असती तर, मिनोरी, मी त्या डबीला नमस्कार केला असता. ती समोर ठेवून मी म्हटलं असतं, बघ, असं होतं, माणसाच्या हातून असं होतं.

बेचाळीस झाल्या. एकही चुकली नाही. मग मी चष्मा काढला आणि आणखी एक केली. खालचा पदर वर. डोळे मिटून केली. खालचा पदर वर. मुद्दाम मनात बाबांचं मरण आणलं, त्यांचे पिवळे पडलेले पाय आणले, हात्सुएचं तोंड आणलं आणि केली. हात ऐकेनात. चाळीस वर्षांच्या हाताला काय करायचं ते कळतं, मी काहीही मनात आणलं तरी. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, छपन्नपर्यंत केल्या. कागद संपला.

तेव्हा आता लिहिते.

बाबा गेल्यावर वर्ष पुरं व्हायच्या आत लग्न नको, असं मी म्हटलं होतं. तू म्हणालीस, नाओयाची बदली होणार आहे, थांबता येत नाही, बाबा असते तर हसून हो म्हणाले असते. हे तू स्वयंपाकघरात उभी राहून, पर्सिमॉन खाता खाता म्हणालीस. बाबा हसून हो म्हणाले असते हे खरं होतं, म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी दिवसभर त्यांनी कापून ठेवलेल्या कागदांकडे बघत असे आणि तू पाहुण्यांच्या याद्या करत होतीस. तुझ्यापुरते ते अकरा महिन्यांत संपले, असं मला वाटलं. आज वाटत नाही. तेव्हा वाटलं.

डब्यांना बसले तेव्हा मी मनाशी काही ठरवलं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येतं. पहिली डबी झाली. समोर ठेवली. वरचा पदर खाली आला होता. ती उलगडून नीट करायला दोन श्वास लागतात. मी उलगडली नाही. दुसरी केली.

हात्सुए डब्यांना दोऱ्या बांधायला आली होती. तेव्हा तिला दिसत होतं. पाच-सहा डब्या बांधून झाल्यावर ती थांबली.

"फुसाए, वरचा पदर खाली आलाय."

"दिसतंय मला," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, पुढची डबी उचलली आणि बांधली. सगळ्या बांधल्या. त्यानंतर तिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, मला नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही. तिच्या चितेची राख गोळा करताना मला हलकं वाटलं. इतकी मी हलक्या मनाची झाले आहे.

आणखी एक राहिलं, आणि तेच लिहायला जिवावर येतं. लग्नाच्या दिवशी त्या आत्याने डबी पालथी ठेवली आणि एकेक टेबल गप्प होत गेलं, तेव्हा मला बरं वाटलं. तुझं तोंड पांढरं पडलं तेही मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. वाटलं, आता तरी कळेल या घरातलं माणूस गेलं आहे. दीड वर्षाने बाळ गेलं. डब्यांनी बाळ जात नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, मलाही कळतं. पण पडवीत विहीणबाई जे बोलल्या त्यात माझ्याबद्दलचं जे होतं ते सगळं खरं होतं. त्याच बाईने माझ्यापुढे कपाळ टेकलं आणि मी तिचा चहा गार होऊ दिला.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. तेवढं तुला करावं लागेल. त्या तुझे पाय चोळतात.

डब्या पाठवत नाही. त्या बरोबर आहेत, एकही चूक नाही, पण तू त्या हातात घेशील तेव्हा काय बघशील ते मला माहीत आहे. नागोयात चांगली दुकानं आहेत, तयार मिळतात, तिथून घे. माझ्या मी चुलीत घातल्या. हातकागद लवकर पेटतो.

तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस, मुद्दाम केलं असेल तर हे शेवटचं पत्र. ते तू रागात लिहिलं नव्हतंस, विचार करून लिहिलं होतंस. तुझा शब्द तू बदलत नाहीस हेही माझ्यावर गेलं आहे. मी खोटं बोलून पाच महिने तुझी पत्रं घेतली. ती एकोणीस आहेत. परत मागितलीस तर देईन, पण मागू नकोस.

सव्वीस तारखेला दार उघडं ठेवणार नाही. मी त्या दिवशी देवळातल्या कामाला जाणार आहे, तसं सांगून ठेवलं आहे. तू आलीस तर बंद दार बघून परत जावं लागेल, आणि एवढ्याशा बाळाला घेऊन तो प्रवास नको, म्हणून आत्ताच कळवते.

परतभेटीच्या डबीवर बाळाचं नाव लिहायची पट्टी असते. छपन्न पट्ट्या मी कापून ठेवल्या होत्या, कोऱ्या. त्या मात्र जाळल्या नाहीत. म्हणून एक विनंती आहे. मुलीचं नाव मला कळवू नकोस. कोणाकडून निरोपही धाडू नकोस. कळलं तर मी ते लिहीत बसेन.

फुसाए